चिमूटभर मुरदाडशिंग

हल्ली महिन्या-दोन महिन्यांतून मला एखाद्या अनोळखी माणसाचा फोन येतो. कुणी नागपूरचं असतं, कुणी पुण्याचं. नंबर कुठून मिळतो, माहीत नाही. म्हणतात, "काका, तुम्ही लाकडाचं पॉलिश घरीच करायचात ना, जुन्या पद्धतीचं? आम्हाला केमिकलचं नको. घरात लहान मूल आहे." शेवटचं वाक्य बहुतेक सगळेच बोलतात. ते ऐकलं की मी थोडा वेळ गप्प होतो. पलीकडच्याला वाटतं, रेंज गेली.

फोनवर मला ते सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितो.

मी गोंदियाला मुर्रीत राहतो. चाळीस वर्षांच्या वर लाकडाला पॉलिश केलं. आमच्या कामात नाव सुताराचं होतं. पाहुणा दारावर हात फिरवून विचारतो, दार कुणी केलं. त्याचा हात फिरत असतो तो माझ्या कामावरून, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पॉलिश दिसू नये, लाकूड दिसावं, हेच खरं काम.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. पॉलिशच्या मुख्य तऱ्हा दोन. एक लाखेची. आमच्याकडे पळसाच्या, कुसुमाच्या झाडांवर लाख होते. ती शुद्ध करून पातळ पापुद्रे करतात, त्याला चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, कापसाची गादी जुन्या कापडात बांधायची, ती त्यात बुडवून लाकडावर फिरवायची. एकावर एक असे वीस-पंचवीस हात मारले की लाकडात तोंड दिसतं. पण या पॉलिशला पाणी सोसत नाही, गरम सोसत नाही. मला हे एका राइस मिलवाल्या शेठनं शिकवलं. मी त्याच्या ऑफिसच्या टेबलाला आठ दिवस खपून लाखेचं पॉलिश केलं. नवव्या दिवशी त्यानं चहाचा गरम पेला मुद्दाम मधोमध ठेवला, उचलला आणि खालचं पांढरं कडं मला दाखवलं. "मिस्त्री, तुम्हारी पॉलिश मेरी चाय से हार गई."

तेव्हा मी तिशीत होतो. ते कडं पुढे कित्येक दिवस डोळ्यांसमोरून हललं नाही. त्याच वर्षी रायपूरकडचे एक म्हातारे कारागीर एका बंगल्याच्या कामाला गोंदियात आले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी त्यांच्या हाताखाली फुकट राबलो आणि दुसरी तऱ्हा शिकलो, तेलाची.

घाण्यावरचं जवसाचं तेल घ्यायचं. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर चढवायचं. आधी ते कुरकुरतं, म्हणजे त्यातलं पाणी जातं. मग फेस येतो, मग तो बसतो. कोंबडीचं पीस बुडवून काढलं आणि ते करपलं, की तेल तापलं. मग वितळलेली राळ त्यात हळूहळू सोडायची. थेंब काचेवर टाकून बोट लावून उचलला आणि तार निघाली, की भांडं उतरवायचं आणि विस्तवापासून दूर नेऊन टर्पेंटाइन घालायचं. हे तेल लाकूड पितं. वर पाणी सांडा, चहा सांडा, काही होत नाही.

एकच खोड. जवसाचं तेल लवकर वाळत नाही. पावसाळ्यात तर पंधरा-पंधरा दिवस चिकट राहतं. त्यावर उस्तादांकडे उपाय होता. पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीच्या दुकानात, पिवळट-लाल, जड दगडासारखी एक वस्तू मिळते, मुरदाडशिंग. ती कुटून, चाळून, फडक्यात बांधून उकळत्या तेलात सोडायची. मग तेच तेल एका दिवसात वाळतं. उस्ताद ती पुरचुंडी माझ्या हातात देताना म्हणाले होते, "चुटकी भर. ये सीसे की राख है. हाथ धोके रोटी खाना."

शिशाची राख. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अजाणतेपणी झालं असं मला म्हणता येत नाही.

शेठच्या टेबलावर मी तेलाचे तीन हात मारले. त्यानं पुन्हा पेला ठेवला, उचलला, खाली वाकून पाहिलं आणि दोघांसाठी चहा मागवला. पुढे त्या टेबलानं मला जेवढी कामं दिली तेवढी कुणी दिली नाहीत. धान घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्यावर कोपर टेकायचा आणि विचारायचा.

असेच एक टेकचंदभाऊ, गोंदियाजवळच्या कामठ्याचे. घरची धानाची शेती, शब्दाला पक्के. तेरा-चौदा वर्षांपूर्वी जानेवारीत ते माझ्या दारात आले. मुलाच्या लग्नाला सात वर्षं झाल्यावर नात झाली होती. शेताच्या धुऱ्यावरचा सागवान त्यांनी पाळण्यासाठी पाडला होता आणि पाळणा नामदेवनं केला होता. नामदेव सुतार माझा जुना सोबती. आम्ही दोघांनी मिळून अर्धं गोंदिया सजवलं असं तो म्हणायचा. पाळण्याला चारी बाजूंनी कठडा, कठड्याला गोल कातीव दांड्या, पोर उभी राहिली तरी पडू नये इतकी उंची.

टेकचंदभाऊ म्हणाले, "चार दिवसानं बारसं हाये. अन् पाण्यानं खराब नाही झाला पायजे मिस्त्री. लेकरू हाये, मुतनच."

"मंग लाखेचं नाही चालत," मी म्हणालो. "तेलाचं मारतो."

नामदेवचं काम इतकं सुबक होतं की मलाही त्याच्या तोलाचं काम करायचं होतं. थंडी होती, चार दिवसांत तेल वाळेल याची खात्री नव्हती. मी मुरदाडशिंग चिमूटभर नाही, चमचाभर घातलं. पाळणा तिसऱ्या दिवशीच खणखणीत वाळला. बारशाला मला मानानं बोलावलं. पोरीचं नाव जान्हवी ठेवलं.

ऑक्टोबरात त्यांच्या देवघराचं दार पॉलिश करायला मी पुन्हा कामठ्याला गेलो. पाळणा ओसरीत टांगलेला होता. जान्हवी कठडा धरून उभी होती आणि वरची दांडी चावत होती. चावून झालं की चाटायची. टेकचंदभाऊंच्या बायको, त्यांना सगळे आजीच म्हणत, मला कौतुकानं म्हणाल्या, "दात येऊन राहिले तिले. रबराचं खेळणं आणलं, त्याले नाही पाहत. हाच कठडा लागते. गोड लागते का काय मालूम."

"सागवान गोडच असते आजी," मी म्हणालो. आम्ही दोघं हसलो.

दांडीवरचं पॉलिश चार बोटं रुंद उडालं होतं. खालचं लाकूड फिकं दिसत होतं. मला ते बघवलं नाही. जाताना डब्यातलं उरलेलं तेल मी त्या जागेवर दोन हात मारून दिलं. त्याचे पैसे कुणी विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत. आपण होऊन केलं.

पुढच्या जानेवारीत नामदेव बाजारात चहाच्या टपरीवर भेटला. त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "कामठ्याची थे पोरगी, जान्हवी, नागपूरले नेली होती. दोन महिन्यापासून खात नव्हती, पोट धरून रडे. पांढरी फटक पडली. चालाले लागली होती, थेबी बंद झालं. मंग एक दिवस झटका आला. डॉक्टर म्हणते, रक्तात शिसं हाये." आणि बशीत चहा ओतता ओतता विचारलं, "शिसं कुठून येईन बा लेकराच्या रक्तात?"

मी चहा प्यालो. "मालूम नाही," म्हणालो.

सायकल हातात धरून चालत घरी आलो. त्या दिवशी आणि पुढे रोज मी स्वतःला समजावत राहिलो. तेलात असून असून किती असेल. वाळलं की ते लाकडातच राहतं. उस्ताद ऐंशी वर्षं जगले. डॉक्टर लोक काहीही म्हणतात. नळाच्या पाण्यात असेल, भांड्याच्या कल्हईत असेल. असं समजावलं की दोन-तीन तास बरे जात. मग ती चाटताना दिसायची. गोड लागते का काय मालूम.

भीती कशाची होती, तेही लिहितो. पोलिसांची नव्हती, माराची नव्हती. नावाची होती. गोंदियात तेलाचं पॉलिश म्हणजे मी, एवढंच मी आयुष्यात कमावलं होतं.

नामदेव पुन्हा भेटला तेव्हा त्यानं पुढचं सांगितलं. डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं होतं, शिसं कशातून गेलं ते शोधा. शोध पोरीच्या आईपर्यंत आला. ममता तिचं नाव. तिनं माहेरहून एका वैदूची दात येण्यावरची पुडी आणली होती आणि दोनदा मधातून चाटवली होती. पुडी उरली नव्हती, म्हणून तपासताही आली नाही. "पोरीले तिच्याजवळ नाही देऊन राहिले," नामदेव म्हणाला. "आजीच खाऊ घालते, आजीच निजवते. पाळणा आजीच्या खोलीत नेला. ममता सैपाकघरातून पाहत राह्यते."

म्हणजे पोर दवाखान्यातून परत येऊन त्याच पाळण्यात होती, आणि दोष तिच्या आईच्या माथी बसला होता. मी नामदेवला तिथंच सगळं सांगितलं. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "चला," आणि आम्ही तसेच त्याच्या गाडीवर बसून कामठ्याला गेलो.

दुपारची वेळ होती. अंगणात धानाची पोती रचली होती. टेकचंदभाऊ पोती मोजत होते. मला पाहून त्यांनी खाट टाकायला सांगितली. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

"भाऊ, शिसं माझ्या तेलात होतं," मी म्हणालो. "पाळण्याले मारलं त्या तेलात. वैदूच्या पुडीचं मले मालूम नाही, पण पाळण्यात होतं हे पक्कं. मीनं घातलं. लवकर वाराले पायजे म्हणून जास्त घातलं."

"काय बोलून राहिले मिस्त्री तुमी?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. आजी आतून आल्या होत्या, त्या दाराला धरून खाली बसल्या. "मीनं निजवलं तिले त्यात," त्या म्हणाल्या. "रोज मीनंच निजवलं."

ममता सैपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पीठ होतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "कवापासून मालूम हाये तुमाले?"

कालच कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणाला खोटं ठरवता आलं नसतं.

"एकोणीस दिवस झाले," मी म्हणालो.

ती आजीच्या खोलीत गेली, पाळण्यातून झोपलेल्या पोरीला उचलून आणलं आणि सगळ्यांसमोर ओट्यावर मांडीत घेऊन बसली. कुणी तिला अडवलं नाही. पोर हातापायांनी अगदी काडी झाली होती. ममतानं पदरानं तिचं तोंड पुसलं, ओठांच्या आत बोट घालून हिरड्या पुसल्या, पुन्हा पुन्हा पुसत राहिली. माझ्याकडे तिनं नंतर पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि आजपर्यंतही नाही.

मला कुणी शिवी दिली नाही. टेकचंदभाऊ पोत्यावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "जारून टाका थो पाळणा." मी म्हणालो, जाळू नका, धूरही वाईट. नामदेवनं तो उतरवला. घरी नेऊन त्यानं स्वतःच्या हातानं एकेक सांधा मोकळा केला. खिळा एकही नव्हता त्यात. मुरमाच्या पडीक जागेत कंबरभर खड्डा करून आम्ही सगळं पुरलं. नामदेव त्यानंतर माझ्याशी बोलत राहिला, पण आम्ही एकत्र काम पुन्हा केलं नाही.

दोन दिवसांनी टेकचंदभाऊंनी मला नागपूरला सोबत नेलं. तेलाचा डबा आणि मुरदाडशिंगाचा खडा घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तरुण बाई होती. तिनं मला बसवून नीट समजावलं. शिसं गोड लागतं. मोठ्या माणसाला जेवढं सोसतं तेवढं लेकराला सोसत नाही, ते मेंदूत जातं. औषधानं रक्तातलं कमी होईल, पण जे बिघडलं ते किती परत येईल, हे तिला सांगता येत नव्हतं. ती सांगत होती आणि मी मान डोलवत होतो. मग तिनं विचारलं, "हे तेल तुम्ही कुठे बनवायचात?"

"घरीच. अंगणात."

"एकटेच?"

"नाही. बायको होती ना मदतीले."

तिनं पेन खाली ठेवलं. "काय काय करायच्या त्या?"

मी सांगितलं. सुमन मुरदाडशिंग खलबत्त्यात कुटायची, लुगड्याच्या फडक्यातून चाळायची. त्याची पिवळी धूळ तिच्या भुवयांवर बसायची, तेव्हा मी तिला हळदीची नवरी म्हणायचो. तेल गाळायचीही तीच. त्याच हातांनी ती भाकरी थापायची. मी हात धुवायचो, उस्तादांनी सांगितलं होतं म्हणून. तिला सांगायचं मला कधी सुचलंच नाही.

"तुम्हाला मुलं किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

नाहीत, म्हणालो. तीनदा दिवस राहिले, तीनदा गेले. तिसऱ्या वेळी सहावा महिना होता. दवाखाने केले, कुणी सांगितलं म्हणून नवसाला कचारगडच्या गुहेपर्यंत सुमन चढून आली. शेवटी नशीब म्हणून सोडून दिलं. सांगता सांगता माझं मलाच कळायला लागलं. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी खात्रीनं काहीच सांगता येणार नाही, पण शिशानं असं होतं. तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या.

गोंदियाला परत येताना टेकचंदभाऊ माझ्या शेजारी बसले होते. दवाखान्यात माझ्याजवळ बसून ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. स्टेशनवर उतरल्यावर माझी पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी क्षणभर माझं मनगट धरलं. ज्या माणसाच्या नातीचं मी असं केलं, त्यानं ते धरलं. मला ते आजही सोसत नाही.

जान्हवी वाचली. महिन्याभरानं पुन्हा उभी राहिली, मग चालली. बोलली फार उशिरा. आता सातवीत बसते. वाचताना अक्षरं सुटतात, एका जागी बसवत नाही, राग आला की भिंतीवर डोकं आपटते. बाकी गोड मुलगी आहे, गाईवासरांत रमते. एरवी ती कशी झाली असती, हे कुणालाच कळणार नाही. ममता रोज तिच्याजवळ पाटी घेऊन बसते, असं नामदेव सांगतो.

मी धंदा बंद केला. डबे सरकारी माणसाला विचारून कुठे टाकायचे ते ठरवायला चार महिने लागले, कारण कुणालाच माहीत नव्हतं. मग आठवेल त्या घरी जाऊन सांगायला लागलो. तुमच्याकडे मी अमुक केलं होतं, लेकरांना चाटू देऊ नका, घासू नका, खरवडू नका. काहींनी चहा दिला आणि विषय बदलला. काही म्हणाले, मिस्त्री येडा झाला. शेठ म्हणाला, "टेबल कौन चाट रहा है, मिस्त्री?" आणि हसला. पण कुणाकडे पाळणा केला, कुणाकडे पांगुळगाडा, याची यादी मी कधी ठेवलीच नव्हती. आठवत होती ती घरं सत्तर-पंचाहत्तर. तेल शिकल्यापासून एकूण किती केली असतील, हा हिशेब मी करायला बसतो आणि उठतो. जी मुलं मंद निघाली, जी बाई वांझ म्हणून परत पाठवली, असं गावोगावचं काही कानावर आलं की पहिला विचार येतो, त्या घरी मी गेलो होतो का.

सुमनला मी नागपूरहून आलो त्याच संध्याकाळी सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं, काही न गाळता सांगितलं. खात्री नाही म्हणाल्या, तेही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. खडे बाजूला निघत राहिले. सूप संपल्यावर तिनं ते भिंतीला टेकवलं.

"रक्त तपासून घेऊ म्हणते बाई," मी म्हणालो.

"आता कायले?" ती म्हणाली.

शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. ती उठली, तांदूळ डब्यात ओतले, झाकण लावलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "तिसऱ्या खेपेले मीनं नाव ठेवलं होतं. मनातल्या मनात. पोटात असतानीच. त्याच नावानं बोलत जाओ मी त्याच्याशी, तुमी कामावर गेल्यावर."

मला हे माहीत नव्हतं. तीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. मी विचारलं, काय नाव ठेवलं होतं.

ती वळली. माझ्याकडे तिनं पाहिलं, रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग चुलीकडे गेली आणि भाताला आधण ठेवलं.

त्यालाही आता तेरा वर्षं होतील. आम्ही दोघं एकमेकांना धरून आहोत. तिचे गुडघे दुखतात, मी तेल चोळून देतो, तिळाचं, दुकानातून आणलेलं. ती माझ्याशी चांगली वागते. मी अजून दोनदा विचारलं. नाव तिनं सांगितलं नाही.